दाराजवळची खुर्ची

एनिडनं आपली खुर्ची दाराजवळून उचलली आणि खिडकीपाशी नेऊन ठेवली. गालिच्यावर खुर्चीच्या पायांचे चार खड्डे पडले होते. इतक्या वर्षांत ते इतके खोल गेले होते की चपलेच्या टोकालाही लागायचे. त्यांच्यावर तिनं चहाचं छोटं टेबल सरकवलं आणि कापड नीट ओढलं.

क्लेमंट छातीशी पुस्तकांचा गठ्ठा धरून आत आला आणि थबकला.

"खुर्ची तिकडे कशाला नेलीस?"

"उजेड आहे इकडे."

"किटली लांब पडेल तुला."

क्लेमंटनं प्रत्येक खुर्चीवर एकेक पुस्तक ठेवायला सुरुवात केली. खिडकीपाशी आला तेव्हा त्याचा हात जरासा थांबला, मग तिथंही त्यानं एक पुस्तक ठेवलं. ते थांबणं एनिडला ऐकू आलं. हल्ली तिला अशा गोष्टी ऐकू यायच्या.

हॅदर्स्टनचं वाचनमंडळ महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी टॅपस्कॉट यांच्या, म्हणजे क्लेमंट आणि एनिडच्या घरी भरतं. जुनी नाटकं वाचायची, तीही पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातली. विषप्रयोग, सूड, भुतं, वेडी होणारी माणसं आणि शेवटच्या अंकात प्रेतांचा ढीग. बाहेर दगडखाणीची धूळ, आत डेन्मार्कपासून सिसिलीपर्यंतचे राजवाडे. क्लेमंट गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. निवृत्त झाला तरी त्याचं शिकवणं काही थांबलं नाही. कोणी कोणाची भूमिका वाचायची हे तोच ठरवायचा आणि चहाचे कप हातात आल्याशिवाय कोणाला सांगायचा नाही. आयत्या वेळी हातात पडलेली भूमिका ताजी वाचली जाते, असं त्याचं म्हणणं.

मंडळाचे नियमही त्याचेच. रंगसूचना वाचणाऱ्यानं 'राजा प्रवेश करतो' म्हटल्याशिवाय राजानं तोंड उघडायचं नाही. आणि जो मेला, त्यानं पुस्तक मिटून मांडीवर पालथं ठेवायचं. नाटक संपेपर्यंत त्याचा आवाज येता कामा नये. हा दुसरा नियम मॉरिस लडलममुळे करावा लागला. मॉरिस दातांचा डॉक्टर होता. जन्मभर तोंड उघडून बसलेल्या, उत्तर न देऊ शकणाऱ्या माणसांशी गप्पा मारायची सवय. आपल्या पात्राचा खून झाल्यावरही तो खून करणाऱ्याला शेरे मारत बसायचा. क्लेमंटनं नियम केला आणि तो इतका कडक पाळला की एकदा एनिडच्या नजरचुकीनं एका बिशपचा प्रवेश वाचायचा राहिला, तर बिशप बिचारा अर्धं पान गप्प बसून राहिला, आणि क्लेमंटनं त्याला तसंच बसू दिलं.

रंगसूचना कोणी वाचायच्या याचाही रिवाज होता. ज्याच्या घरी बैठक, त्यानं चहा करायचा आणि रंगसूचना वाचायच्या. सुरुवातीला बैठक घरोघरी फिरायची, तेव्हा हे ठीक होतं. मग कोणाचं घर लहान ठरलं, कोणाच्या घरी कुत्रं, कोणाची सून नाराज. शेवटी टॅपस्कॉट यांची बैठकीची खोलीच उरली आणि रिवाज तिथंच मुक्कामाला आला. आता घर दोघांचं होतं, पण चहा एकटीचाच होता. त्यामुळे क्लेमंट राजे वाचायचा आणि एनिड दाराजवळच्या खुर्चीत बसून म्हणायची, 'राजा प्रवेश करतो', 'राजा जातो', 'तुतारी वाजते', 'आतून किंकाळी'. चौथ्या अंकात उठून किटली ठेवायची. हे कोणी ठरवून केलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं.

नाटकांचा नाद मात्र तिचाच होता, आणि क्लेमंटच्या आधीपासूनचा. लग्नाआधी शेफील्डच्या ग्रंथालयात नोकरी करताना ती जेवणाच्या सुट्टीत सँडविच खात खात ही नाटकं वाचायची. क्लेमंट तिथं पुस्तक परत करायला आला आणि तिच्यासमोर उघडं पडलेलं पान बघून बोलायला लागला. पुढं आयुष्यभर तोच बोलत राहिला.

त्या सगळ्या नाटकांत तिचं एक होतं. लिहिणाऱ्याचं नाव कोणाला माहीत नाही. एका राणीचं नाटक. राजा लढाईवर जातो, राज्य बायकोच्या हातात देतो. ती राज्य नीट सांभाळते. परत आल्यावर राजाला तेच सहन होत नाही. तिनं वेशीचं दार शत्रूला उघडलं असा आळ घेऊन तो तिला कोंडतो. शेवटी तो मन बदलून दार उघडायला माणूस पाठवतो तेव्हा तिनं विष घेतलेलं असतं. मग ती बोलते. पानभर बोलते आणि मरते. हे नाटक मंडळानं कधी वाचलं नव्हतं. एनिड दरवर्षी सुचवायची, क्लेमंट दरवर्षी म्हणायचा, बघू.

मे महिन्यात तिला डर्बीच्या दवाखान्यात नेलं. डोळ्यांत थेंब घालून, उजेड मारून झाल्यावर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नजरेच्या कडा राहतील, मधलं जात जाणार. घरात हिंडाफिरायला अडचण नाही. वाचन मात्र फार दिवस जमेल असं धरून चालू नका. गाडीत बसल्यावर क्लेमंटनं किल्ली लावली नाही. तिचा हात हातात घेऊन नुसता बसून राहिला. मग म्हणाला, "नोव्हेंबरात आपण तुझं नाटक घेऊ. राणी तूच वाचायचीस."

तिनं मान डोलावली. खूप वर्षांनी तिला त्याच्याबद्दल माया वाटली. खरंच वाटली, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण नोव्हेंबर लांब होता आणि तोवर डोळे टिकतील याची खात्री नव्हती. म्हणून एनिडनं नाटक पाठ करायला घेतलं. आधी राणीची भाषणं. मग लक्षात आलं, आपली वेळ कधी येते हे कळायला बाकीच्यांचीही वाक्यं यायला हवीत, म्हणून तीही. भिंग घेऊन, मागच्या अंगणात ऊन असेल तिथं खुर्ची सरकवत सरकवत तिनं उन्हाळा घालवला. क्लेमंटला वाटायचं डुलकी लागली आहे, ओठ झोपेत हलताहेत. सप्टेंबरच्या शेवटी अक्षरं पार गेली. ज्या शब्दाकडं बघावं तोच शब्द पुसला जायचा. माणसांचंही तसंच, केस दिसायचे, कान दिसायचे, मधला चेहरा नाही. तोवर नाटक सगळं आत गेलेलं होतं. अक्षरं गेल्याचं तिनं क्लेमंटला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं काळजी घेतली असती, आणि त्याच्या काळजीत राणी गेली असती.

भांडी घासताना, इस्त्री करताना ती शेवटचं भाषण मनात म्हणायची.

उघडा दार. जन्मभर मीच उघडत आले,
ज्याला ज्याला आत यायचं होतं त्याच्यासाठी.
आज माझ्यासाठी कोणीतरी उघडलंय,
आणि आता उंबऱ्यापर्यंतही माझे पाय नाहीत.

हे रडत म्हणायचं नाही, हे तिचं पक्कं ठरलं होतं. राणी इथं चिडलेली आहे. आयुष्यात पहिल्यांदा चिडली आहे, आणि चिडायला तिच्याकडं एकच पान उरलं आहे.

आज नोव्हेंबरचा पहिला शनिवार होता. खिडकीपाशी खुर्ची ठेवून एनिड स्वयंपाकघरात गेली. कपात बोट घालून चहा कुठवर आला ते बघत ती ओतत होती. बाहेर एकेकजण येत होता, कोट काढले जात होते. मॉरिसचा खोकला ओळखू आला, मग ब्रायडी कॉस्टेलोचं हसू. ब्रायडी पूर्वी नर्स होती आणि अजूनही कोणालाही भेटली की आधी मनगट धरायची. आणि तिसरा आवाज, खर्जातला, गोड, फिलिपा रॉईलचा. फिलिपा वसंतात लंडनहून इथं राहायला आली होती. तरुणपणी काही वर्षं रेडिओवर नाटकं करायची.

क्लेमंट आत आला आणि त्यानं दार लोटून घेतलं. ते लोटून घेतलेलं दार ऐकूनच एनिडला कळलं.

"एनिड, एक सांगायचं होतं."

"सांग."

"राणी फिलिपाला देतोय मी."

तिचं बोट कपातच राहिलं. चहा पोळला तेव्हा तिनं ते काढलं.

तो बराच वेळ बोलत होता. भूमिका फार मोठी आहे. तू अडखळलीस तर सगळ्यांसमोर तुलाच कसंतरी होईल, ते मला बघवणार नाही. फिलिपा महिनाअखेरीस मुलीकडं कॅनडाला चालली आहे, वसंतापर्यंत येणार नाही. आणि रंगसूचना तुझ्याइतक्या चांगल्या कोणाला वाचता येतात? शिवाय त्या छोट्या असतात, दोन-दोन शब्दांच्या, डोळ्यांना ताण नाही.

"तुझ्यासाठीच करतोय गं," तो शेवटी म्हणाला.

"तू गाडीत म्हणाला होतास."

"म्हणालो होतो. तेव्हा वाटलं तसं." त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आता उगाच तोंड पाडून येऊ नकोस बाहेर. लोक आलेत."

सांगावं का? मला सगळं पाठ आहे, पुस्तकाची गरजच नाही. वाक्य तोंडाशी आलं होतं. पण ते म्हणजे हात पसरणं झालं असतं, आणि स्वतःच्या नवऱ्यापुढं, स्वतःच्या घरात, स्वतःच सुचवलेल्या नाटकासाठी हात पसरायची तिला किळस आली. तिनं ट्रे उचलला.

खिडकीपाशी, तिनं ठेवलेल्या खुर्चीत, फिलिपा बसली होती. एनिडला तिचा रुपेरी अंबाडा दिसला आणि गळ्याभोवतीचा लाल रुमाल.

"तुमची जागा आहे का ही?" फिलिपा अर्धवट उठत म्हणाली. "मी आपली उजेड बघून बसले."

"बस, बस," क्लेमंट म्हणाला. "एनिड दाराशी बसते नेहमी."

कोणीतरी चहाचं टेबल बाजूला केलं. दुसऱ्या कोणीतरी दुसरी खुर्ची आणून चार खड्ड्यांवर ठेवली. इतक्या आनंदानं आणि मदतीच्या भावनेनं ठेवली की एनिडला आभार मानावे लागले.

वाचन सुरू झालं. एनिडनं पुस्तक उघडून मांडीवर घेतलं, मान खाली घातली आणि म्हणाली, "तुतारी. राजा, राणी आणि दरबारी प्रवेश करतात." क्लेमंटनं घसा साफ केला आणि तो राजा झाला. मॉरिस राजाचा भाऊ होता, कान भरणारा. ब्रायडीकडं निरोप्ये, दासी आणि तुरुंगाचा पहारेकरी. बाकीचे चौघेपाचजण सरदार, शिपाई, धर्मगुरू वाटून घेऊन बसले होते.

फिलिपा चांगलं वाचत होती. एनिडला ते मान्य करावं लागलं. पहिल्या अंकात राणी हसते कशी, दुसऱ्यात कारभार हातात घेतल्यावर तिचा आवाज कसा हळूहळू खाली येतो, सगळं नेमकं होतं. प्रत्येक वाक्याच्या आधी एनिडच्या ओठांवर ते वाक्य येऊन थांबायचं आणि मग खिडकीकडून दुसऱ्याच आवाजात ऐकू यायचं. आपल्याच घरात आपलं सामान दुसऱ्यानं वापरावं, आणि नीट वापरावं, तसं काहीतरी.

तिसऱ्या अंकानंतर थोडं थांबायचं असतं. दिवे लावले गेले. फिलिपानं आणलेला लिंबाचा केक कापला गेला. मॉरिसनं तोंडात केक असतानाच विचारलं, "क्लेमंट, अरे हिला आजवर कुठं लपवून ठेवलं होतंस?"

"मी खूप घाबरले होते हो," फिलिपा म्हणाली. "क्लेमंटनी मागच्या शनिवारीच पुस्तक आणून दिलं म्हणून बरं. आठवडाभर दुसरं काही केलंच नाही मी."

एनिड बशा गोळा करत होती. मागचा शनिवार. म्हणजे तो टपाल टाकायला म्हणून गेला होता आणि बराच वेळ आला नव्हता, तेव्हा.

"म्हणजे आयत्या वेळी नाही?" ब्रायडीनं चिमटा काढला. "आणि आम्हाला मात्र शिपाई व्हायचंय हे दारात पाऊल टाकल्यावर कळणार. मास्तर, हा पक्षपात आहे."

क्लेमंट हसला. त्याला बरं वाटलं होतं. सगळं छान चाललं होतं, आणि छान चाललं की तो सैल व्हायचा.

"या नाटकाला अपवाद करावाच लागतो," तो म्हणाला. "किती वर्षं बाजूला ठेवलं होतं मी हे, माहीत आहे? राणी वाचू शकेल असं आपल्यात कोणी नव्हतंच."

बशा एकमेकींवर आपटल्या. कोणाचं लक्ष गेलं नाही. एनिड त्या घेऊन स्वयंपाकघरात गेली, त्या ओट्यावर ठेवल्या आणि दोन्ही हात ओट्यावर टेकून उभी राहिली. गाडीत त्यानं हात धरला होता तो हात कोणाचा होता, हे तिला कळेना. आजारी बायकोला काहीतरी बोलायचं असतं म्हणून बोलला होता, एवढंच. लहान मुलाला दवाखान्यातून आणताना गोळ्या घेऊन देतात तसं. ती मात्र उन्हाळाभर त्या गोळीवर जगली होती. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि इतक्या उशिरा आला की तो कुठं ठेवावा हेच सुचेना.

"एनिड!" बाहेरून क्लेमंटचा आवाज आला. "आम्ही खोळंबलोय."

चौथ्या अंकात तिनं किटली ठेवली नाही. दाराजवळ बसून राहिली. कोठडीचा प्रसंग आला आणि फिलिपा रडायला लागली. खोटं नव्हतं ते रडणं. रेडिओवर काम केलेल्या बाईचं, श्वास सांभाळून केलेलं, अगदी चांगल्या दर्जाचं रडणं होतं. ब्रायडीनं नाक ओढलं. धर्मगुरू वाचणाऱ्यानं 'वा' म्हटलं. एनिडच्या मनात आलं, आता ही शेवटचंही रडत म्हणणार. जन्मभर मीच उघडत आले, हे ही हुंदका देऊन म्हणणार, आणि सगळ्यांना वाटणार की तेच खरं. हिच्यानंतर ते वेगळं म्हणून दाखवायला कोणी उरणार नाही.

पाचवा अंक. राजाला खरं कळतं, भाऊ पकडला जातो. मॉरिसला मारलं, तेव्हा त्यानं जोरात उसासा टाकून पुस्तक मिटलं आणि सगळे हसले. एनिड एकेक सूचना बरोबर जागेवर देत होती.

"कोठडी. राणी आसनावर. पहारेकरी प्रवेश करतो."

ब्रायडीनं चष्मा सारखा केला आणि पहारेकऱ्याचं वाक्य वाचलं. "बाईसाहेब, राजांची आज्ञा आहे. दार उघडलं आहे."

खिडकीपाशी फिलिपानं श्वास घेतला. लांब, तयारीचा श्वास. खोलीतल्या सगळ्यांनी त्या श्वासाबरोबर आपापली पानं खाली केली; आता बघायचं होतं, ऐकायचं होतं.

"राणी कोसळते," एनिड म्हणाली. "मरते."

फिलिपाचा श्वास तसाच आत राहिला.

"पण माझं अजून—" ती म्हणाली.

"मेलीस तू," मॉरिस आनंदानं म्हणाला. "मीट पुस्तक. ये, बस माझ्याशेजारी."

दोघं-तिघं हसले आणि हसणं मध्येच थांबलं. एनिडला चेहरे दिसत नव्हते, पण सगळी डोकी आपल्याकडं वळली आहेत एवढं दिसलं. मग ती डोकी क्लेमंटकडं वळली. तिनं वाट बघितली. त्यानं फक्त म्हणायला हवं होतं, एनिड, हे काय केलंस? तिच्याकडं उत्तर तयार होतं, पाठ केलेलं, पानभर.

"पुढं चला," क्लेमंट हलक्या आवाजात, घाईनं म्हणाला. दारात पाय अडखळलेल्या माणसाला आपण पाहिलंच नाही असं दाखवतात, तसा तो आवाज होता. "पुढं चला. राजा प्रवेश करतो. मीच आहे."

फिलिपानं पुस्तक मिटलं आणि मांडीवर पालथं ठेवलं. राजा आला, रडला, त्यानं राणीचा गौरव केला, तिच्या पुतळ्याचा हुकूम सोडला. नाटक संपलं.

त्यानंतर जे झालं ते एनिडला सगळ्यांत जड गेलं. तिला कोणी बोललं नाही. सगळे तिच्याशी चांगले वागायला लागले. ब्रायडी येऊन तिचं मनगट धरून बसली आणि म्हणाली, अगं, डोळ्यांना एवढा त्रास होतोय तर सांगायचं नाहीस का? ओळी पुढंमागं दिसतात ना? माझ्या आईचं अस्संच झालं होतं. फिलिपा वाकून तिच्या कानाशी म्हणाली, मला अजिबात वाईट वाटलेलं नाही, मनाला लावून घेऊ नका. तिच्या आवाजात खरा चांगुलपणा होता. मॉरिसनं केकचा उरलेला मोठा तुकडा तिच्या बशीत ठेवला आणि हातात काटा दिला, आंधळ्याला देतात तसा, बोटं मिटवून.

चुकून नाही, असं म्हणायला एनिडनं तोंड उघडलं. मी मारलं तिला. पण त्या सगळ्या मायेत ते वाक्य कुठं ठेवायचं? म्हणाली असती तरी त्यांनी मान डोलावली असती. बिचारी, चुकीची लाज वाटते आहे, असं घरी जाऊन एकमेकांना सांगितलं असतं.

"पुढच्या वेळेपासून रंगसूचना मी वाचते," ब्रायडी म्हणाली. "तू नुसतं ऐकायला बस. मस्त पाय वर घेऊन."

"उत्तम," क्लेमंट म्हणाला.

"चहासुद्धा आम्ही बघू," कोणीतरी म्हणालं.

एनिडनं आभार मानले. माणसं गेली. फाटकापाशी फिलिपाला कोट चढवून द्यायला क्लेमंट थोडा थांबला आणि आत आला. एनिड ओट्यापाशी उभी राहून कप विसळत होती. त्याच्या पुस्तकं गोळा करण्याचा आवाज येत होता. एकेक मिटलेलं पुस्तक दुसऱ्यावर पडत होतं. मग तो आवाज थांबला.

तो दाराजवळच्या खुर्चीपाशी असणार. तिचं पुस्तक तिनं तिथंच ठेवलं होतं, मांडीवर होतं तसं, उघडं. पहिल्या पानावर, जिथं पात्रांची नावं असतात. दुपारभर ते तिथंच उघडं होतं. तिनं एकही पान उलटलं नव्हतं. उलटायचं नाटकसुद्धा केलं नव्हतं, आणि इतक्या माणसांत ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

एनिड कप विसळत राहिली. तो तिथं उभा राहून मनात एकेक सूचना आठवत मागं जात असणार. मरते, राजाची तुतारी, भावाला धरतात, दासीची किंकाळी, एकूण एक, बरोबर जागी. आणि मग उन्हाळा. अंगणातली खुर्ची, हलणारे ओठ.

तो स्वयंपाकघराच्या दारात आला. त्याच्या हातात पुस्तक होतं, एवढं तिला डोळ्याच्या कडेनं दिसलं. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं.

"एनिड," तो म्हणाला.

नळ वाहत होता.

"सगळंच?"

तिनं नळ बंद केला. तो आणखी एक पाऊल आत आला. तो काय करणार हे तिला आधीच कळलं. इतकी वर्षं बरोबर राहिल्यावर माणसाचा पुढचा श्वास कळतो. त्यानं घसा साफ केला नाही. राजाचा आवाजही काढला नाही. जमेल तितक्या साध्या आवाजात, पहारेकऱ्याचं वाक्य म्हणाला.

"बाईसाहेब, राजांची आज्ञा आहे. दार उघडलं आहे."

आणि वाट बघत उभा राहिला.

ते भाषण तिच्या घशापर्यंत आलं. पहिला शब्द जिभेवर येऊन बसलासुद्धा. खोलीत कोणी नव्हतं, खिडकीत कोणी नव्हतं, किटलीसुद्धा थंड होती. एका माणसापुरतं का होईना, ते ऐकलं गेलं असतं. त्यानं नीट ऐकलं असतं. डोळे पुसले असते, माफी मागितली असती, आणि उद्या फोन करून सगळ्यांना सांगितलं असतं की माझ्या एनिडनं काय वाचलं म्हणून सांगू.

तिनं फडकं घेतलं आणि कप पुसायला लागली. बाहेरून, मग आतून, मग कान.

"राणी मेली, क्लेमंट," ती म्हणाली. "पुस्तक मीट."

एनिडनं पुसलेला कप फळीवर चाचपून ठेवला आणि पुढचा घेतला. तो पुसून होत आला तेव्हा तिला मागं पुस्तक मिटल्याचा आवाज आला.